सर्व्हरसाठी प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीम कशी निवडायची? पुण्याच्या सुपरकॉम्प्युटरपासून खान्देशातल्या कॉलेज लॅबपर्यंत

मे महिन्यात जळगावात भर दुपारी फोनवर अर्धा तास गेम खेळून बघा. फोन तापतो आणि आधी छान चालणारा गेम अडखळायला लागतो. फोनच्या खोक्यावर तर 'आठ कोअर' आणि भलेमोठे गीगाहर्ट्झ छापलेले असतात. मग ताकद गेली कुठे? ताकद तिथेच असते. चिप जळू नये म्हणून फोन स्वतःच वेग कमी करतो.

सर्व्हरचंही असंच आहे. जाहिरातीतला आकडा वेगळा आणि तुमच्या कामात मिळणारा वेग वेगळा. फरक एवढाच की फोन चुकला तर वीस हजारांचा फटका बसतो, सर्व्हर चुकला तर काही लाखांचा. कॉलेजची लॅब असो, छोटा स्टार्टअप असो की संशोधनाचा प्रोजेक्ट, पैसे एकदाच मिळतात. म्हणून या लेखात आपण सर्व्हरचा प्रोसेसर आणि त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजेच ओएस कशी निवडायची ते पाहूया. उदाहरणासाठी फार लांब जायची गरज नाही, आपलं पुणे पुरेसं आहे.

हाय परफॉर्मन्स वर्कलोड म्हणजे काय?

वर्कलोड म्हणजे मशिनला दिलेलं काम. वेबसाइट दाखवणं, बिलं बनवणं ही हलकी कामं. पण हवामानाचं मॉडेल चालवणं, एआय मॉडेल शिकवणं, पुलावर किंवा गाडीच्या सांगाड्यावर येणारा ताण मोजणं, जनुकांचा अभ्यास करणं यात अब्जावधी गणितं सलग, तासन्‌तास करावी लागतात. याला हाय परफॉर्मन्स वर्कलोड म्हणतात. इथे एक सर्व्हर पुरत नसेल तर अनेक सर्व्हर वेगवान नेटवर्कने जोडतात, त्याला क्लस्टर म्हणतात. क्लस्टर खूप मोठा आणि खूप वेगवान झाला की तोच सुपरकॉम्प्युटर.

खान्देशचा पाऊस आणि पुण्याचं 'अर्क'

रावेर, यावल, चोपडा भागातल्या केळीवाल्यांना विचारा, पावसाळ्याच्या तोंडावर वादळवारं आलं की उभी बाग एका संध्याकाळी आडवी होते. वाऱ्यापावसाचा अंदाज वेळेत मिळाला तर कापणी पुढेमागे करता येते, झाडांना आधार देता येतो. हा अंदाज ज्या मॉडेलमधून येतो ते पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये तयार झालं. २६ मे २०२५ रोजी 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. आधीचं मॉडेल देशाचे १२ किलोमीटरचे तुकडे पाडून हिशेब करायचं, हे ६ किलोमीटरचे पाडतं.

समजायला सोपं म्हणून हे तुकडे चौकोनी धरू. जळगाव ते भुसावळ अंतर साधारण २५ किलोमीटर. १२ किलोमीटरच्या मॉडेलला मधे दोनच चौकोन दिसतात, ६ किलोमीटरच्या मॉडेलला चार. चित्र जास्त स्पष्ट झालं. पण याची किंमत किती? चौकोनाची बाजू अर्धी केली की चौकोनांची संख्या चौपट होते. शिवाय चौकोन लहान झाला की वेळेचे टप्पेही साधारण निम्मे घ्यावे लागतात. म्हणजे चार गुणिले दोन, काम साधारण आठपट!

आणि उद्याचा अंदाज परवा तयार झाला तर त्याचा उपयोग काय? म्हणून मशिन बदलावं लागलं. आयआयटीएममध्ये २०१८ पासून 'प्रत्युष' हा ४ पेटाफ्लॉपचा सुपरकॉम्प्युटर होता, त्यात इंटेलचे झिऑन प्रोसेसर होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या जागी ११.७७ पेटाफ्लॉपचा 'अर्क' आला, त्यात एएमडीचे एपिक प्रोसेसर आहेत. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. प्रत्युषवर मॉडेलला १० तासांपर्यंत वेळ लागायचा, अर्कवर ते साधारण ४ तासांत होतं.

यातून पहिला नियम मिळतो. आधी काम ठरलं: इतका मोठा हिशेब, इतक्या तासांत. मशिन त्यानंतर ठरलं. आपणही कोटेशन मागवण्याआधी कागदावर दोनच ओळी लिहायच्या: काम कोणतं आणि किती वेळात हवं.

प्रोसेसर निवडताना काय बघायचं?

१. कोअर किती?

कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा गडी. जास्त कोअर म्हणजे जास्त वेग, असं वाटतं. पण प्रत्येक कामाचा थोडा भाग असा असतो जो वाटून देता येत नाही. समजा एका कोअरवर १०० मिनिटांचं काम आहे आणि त्यातली ५ मिनिटं वाटून देता येत नाहीत. ४८ कोअर लावले तर काम साधारण ७ मिनिटांत होईल. दुप्पट पैसे घालून ९६ कोअर लावले तर साधारण ६ मिनिटांत. वाचलं एकच मिनिट! या हिशेबाला ॲमडालचा नियम म्हणतात. तुमचं सॉफ्टवेअर किती कोअर नीट वापरतं ते आधी बघा.

उलट, शंभर वेगवेगळ्या फाइल्सवर शंभर वेगळी कामं चालवायची असतील तर कोअर जितके जास्त तितकं बरं, कारण तिथे कोणी कोणाची वाट बघत नाही.

२. गीगाहर्ट्झ किती?

दोन वेगळ्या पिढ्यांच्या किंवा दोन कंपन्यांच्या प्रोसेसरची तुलना नुसत्या गीगाहर्ट्झवर करू नका. नवीन पिढीचा कोअर तितक्याच गीगाहर्ट्झवर जास्त काम उरकतो. शिवाय खोक्यावरचा 'बूस्ट' वेग थोडेच कोअर चालू असताना मिळतो. सगळे कोअर तासभर राबले की वेग खाली येतो. म्हणून विक्रेत्याला 'सगळे कोअर चालू असतानाचा वेग किती?' असं विचारा.

३. मेमरी चॅनल किती? (हे सगळ्यात जास्त विसरलं जातं)

जळगावातली दाळ मिल डोळ्यांसमोर आणा. मशिन ताशी कितीही तूर भरडू शकतं, पण पोती आत आणायला एकच दरवाजा असेल तर मशिन रिकामं फिरत राहतं. प्रोसेसरचं तसंच आहे. रॅममधून डेटा आणणारे दरवाजे म्हणजे मेमरी चॅनल.

घरच्या पीसीत साधारण दोन चॅनल असतात. एएमडीच्या एपिक ७००३ मालिकेत, म्हणजे अर्कमध्ये आहेत त्या पिढीत, एका प्रोसेसरला आठ चॅनल आहेत आणि ते मिळून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २०५ जीबी डेटा आणू शकतात. त्यानंतरच्या ९००४ मालिकेत बारा चॅनल झाले आणि हा आकडा ४६० जीबीवर गेला. हवामान, पाण्याचा किंवा हवेचा प्रवाह अशी मॉडेल्स बहुतेक वेळा गणितापाशी नाही, या दरवाजापाशी अडतात.

म्हणूनच एक फुकटातली टिप. आठ चॅनलच्या प्रोसेसरला १२८ जीबी रॅम द्यायची असेल तर ६४ जीबीच्या दोन पट्ट्या घेऊ नका, १६ जीबीच्या आठ घ्या. दोनच पट्ट्या लावल्या तर आठपैकी दोनच दरवाजे उघडे राहतात. कोटेशनमध्ये फक्त '१२८ जीबी' लिहिलेलं असतं, पट्ट्या किती ते आपण विचारायचं.

४. ईसीसी मेमरी

कधीकधी रॅममधला एखादा बिट आपोआप उलटतो, शून्याचा एक होतो. व्हिडिओ बघताना कळणारही नाही, पण तीन दिवस चाललेल्या हिशेबाचं उत्तर चुकीचं येऊ शकतं. ईसीसी रॅम अशी एका बिटाची चूक पकडून दुरुस्त करते. सर्व्हरला ईसीसी हवीच.

५. जीपीयू हवा का?

एआय मॉडेल शिकवायचं असेल तर प्रोसेसरपेक्षा जीपीयू महत्त्वाचा. पुण्यातल्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' बघा. त्यात एपिक प्रोसेसर आहेत, पण खरं बळ एनव्हिडियाच्या ए१०० जीपीयूचं आहे. नोव्हेंबर २०२० च्या टॉप ५०० यादीत तो जगात ६३ वा आला. तिथे प्रोसेसरचं मुख्य काम जीपीयूला डेटा पुरवत राहणं. मात्र सॉफ्टवेअर जीपीयूसाठी लिहिलेलंच नसेल तर महागडं कार्ड नुसतं शोभेला राहतं.

इंटेल, एएमडी की आर्म?

इंटेलचे झिऑन आणि एएमडीचे एपिक हे दोन्ही एक्स८६ घराण्यातले. एकावर चालणारा प्रोग्रॅम सहसा दुसऱ्यावरही चालतो. त्यामुळे नाव बघून भांडत बसण्यापेक्षा त्याच पैशात कोअर, चॅनल आणि वीज यांचा हिशेब कोणाचा जमतो ते बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये देशाला मिळालेल्या 'परम रुद्र' मशिन्समध्ये इंटेल झिऑन आहेत, आणि त्यातले 'रुद्र' सर्व्हर भारतात डिझाइन झालेले आहेत. यातलाच एक परम रुद्र नारायणगावजवळच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीसाठी काम करतो. म्हणजे त्याच महिन्यात एका कामाला इंटेल आणि दुसऱ्याला एएमडी निवडलं गेलं.

आर्म म्हणजे तुमच्या फोनमधल्या प्रोसेसरचं घराणं. ते 'फक्त फोनसाठी' असा समज आता जुना झाला. जपानचा 'फुगाकू' सुपरकॉम्प्युटर आर्मवरच चालतो आणि जून २०२० मध्ये तो जगात पहिला आला. ॲमेझॉनच्या क्लाउडवर ग्रॅव्हिटॉन नावाचे आर्म सर्व्हर भाड्याने मिळतात. सी-डॅकसुद्धा 'औम' नावाचा ९६ कोअरचा आर्म प्रोसेसर विकसित करत आहे. फक्त आर्म घेण्याआधी तुमचं सॉफ्टवेअर आर्मवर चालतं का ते तपासा. सोर्स कोड तुमच्याकडे असेल तर पुन्हा कंपाइल करता येतो. विकत घेतलेलं, बंद सॉफ्टवेअर असेल तर कंपनीच्या हातात.

ओएस कोणती? परमच्या गोष्टीतून उत्तर

सी-डॅकची स्थापना १९८८ ची. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये पहिला 'परम ८०००' तयार झाला, त्यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आणि सनचीच सोलारिस ओएस. २००३ मध्ये टॉप ५०० यादीत १७१ वा आलेल्या 'परम पद्म'मध्ये आयबीएमचे पॉवर४ प्रोसेसर आणि आयबीएमचीच एआयएक्स ओएस. म्हणजे त्या काळात चिप ज्या कंपनीची, ओएसही तिचीच. चिप बदलली की ओएस नवी शिका, प्रोग्रॅम नव्याने बसवा.

मग चित्र बदललं. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातच टाटांच्या 'एका' या मशिनने जगात चौथा क्रमांक मिळवला. त्यात इंटेल झिऑन होते आणि वर लिनक्स. आज तर प्रश्नच उरलेला नाही. नोव्हेंबर २०१७ पासून टॉप ५०० यादीतले पाचशेच्या पाचशे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. आणि हो, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे!

लिनक्सच का?

• कोअरमागे पैसे नाहीत. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअर मोजून घ्यावं लागतं आणि सर्व्हरमागे किमान १६ कोअरचं. ९६ कोअरच्या मशिनला हा खर्च चांगलाच जाणवतो.
• नको ती कामं बंद करता येतात. पार्श्वभूमीला काही चालत नसेल तर सगळा वेळ हिशेबाला मिळतो.
• क्लस्टरची साधनं इथेच तयार होतात. कामांची रांग लावणारं स्लर्म, सर्व्हरांना आपसात बोलायला लावणाऱ्या एमपीआय लायब्ररी, कंपायलर, सगळं सहज मिळतं.
• इंटेल, एएमडी, आर्म काहीही घ्या, वापरायची पद्धत तीच राहते.

विंडोज कधी घ्यायचं? तुमचं मुख्य सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल तेव्हा. काम आधी, ओएस नंतर, हा नियम इथेही लागू.

लिनक्समधलं कोणतं?

लिनक्सच्या अनेक आवृत्त्या आहेत. सर्व्हरसाठी साधारण एवढी नावं पुरे:

• उबंटू एलटीएस: शिकायला सोपं, एआयच्या कामात सगळ्यात जास्त सापडणारं. २४.०४ आवृत्तीला २०२९ पर्यंत मोफत अपडेट.
• अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सशी सुसंगत, तरीही मोफत. इंजिनिअरिंगची अनेक सॉफ्टवेअर रेड हॅटवर तपासलेली असतात, तिथे हे उपयोगी.
• रेड हॅट किंवा सुसे: पैसे भरून सपोर्ट हवा असेल तर.

निवडताना सपोर्टची शेवटची तारीख आधी बघा. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं सगळे धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते २०२१ अखेर बंद होणार. जगभर अनेकांना घाईघाईत ओएस बदलावी लागली.

जुना सर्व्हर घेताय? आधी हे बघा

पुण्या-मुंबईतून जुने, रिफर्बिश्ड सर्व्हर स्वस्तात मिळतात. शिकायला ते उत्तम आहेत, पण एक खोच आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट १० ला एव्हीएक्स२ नावाच्या सूचना असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या झिऑन ई५ मालिकेत व्ही३ पासून पुढे एव्हीएक्स२ आहे, व्ही२ मध्ये नाही. नावातला एकच आकडा, पण त्यावर नवी ओएस चालणार की नाही हे ठरतं. व्ही२ हातात आलाच तर अल्मालिनक्स ९ वापरा. अल्मालिनक्स १० नेही जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी आवृत्ती ठेवली आहे.

सर्व्हर चालू असेल तर विक्रेत्यासमोरच 'एलएससीपीयू' ही कमांड चालवा. मॉडेल, कोअर, एव्हीएक्स२, सगळं स्क्रीनवर दिसतं. बोलण्यावर नाही, स्क्रीनवर विश्वास ठेवा.

ऊन आणि वीजबिल

दोन प्रोसेसरचा सर्व्हर भर कामात ६०० वॉट घेतो असं धरू. दिवसाला १४.४ युनिट, महिन्याला ४३२ युनिट. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते, ती बाहेर काढायला एसीची वीज वेगळी. जळगाव-धुळ्याच्या ४४-४५ अंशांत एसी बंद पडला की सर्व्हरही फोनसारखाच वेग कमी करतो, नाहीतर बंद पडतो. म्हणून बजेटमध्ये यूपीएस, एसी आणि वर्षभराचं वीजबिल आधीच धरा.

विकत घ्यायचा की भाड्याने?

वर्षातून दोन महिनेच काम असेल तर विकत घेऊ नका. क्लाउडवर तासाच्या हिशेबाने मोठा सर्व्हर घ्या, काम झालं की बंद करा. बंद करायला विसरलात तर बिल चालूच राहतं, तेवढं लक्षात ठेवा. संशोधन करत असाल तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या मशिन्सवर संस्थेमार्फत खातं मागता येतं का ते मार्गदर्शकांना विचारा. वर्षभर, रोज काम असेल तरच स्वतःचा सर्व्हर परवडतो.

काम पाहून निवड

• हवामान, पाणी, हवेचा प्रवाह: जास्त मेमरी चॅनल, सगळ्या पट्ट्या भरलेल्या, लिनक्स.
• एआय शिकवणं: पैसे आधी जीपीयूवर, प्रोसेसर मध्यम, उबंटू एलटीएस.
• शेकडो सुटी कामं: जास्त कोअर, वेग मध्यम चालेल.
• कोअरमागे लायसन्स असलेलं सॉफ्टवेअर: कमी पण वेगवान कोअर.
• शिकणं आणि सराव: जुना झिऑन ई५ व्ही३ किंवा व्ही४, नाहीतर घरचाच पीसी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थ्रेड म्हणजे कोअरच का?
नाही. एक कोअर दोन थ्रेड चालवू शकतो, पण त्याने ताकद दुप्पट होत नाही. एकाच गड्याला दोन कामं आलटून पालटून दिल्यासारखं आहे. कोटेशनमध्ये '६४' लिहिलं असेल तर कोअर की थ्रेड ते विचारा.

गेमिंग पीसी सर्व्हर म्हणून चालेल का?
शिकायला आणि लहान एआय मॉडेलला चालेल. पण ईसीसी बहुतेकदा नसते, चॅनल दोनच असतात आणि तो महिनोन्‌महिने सतत राबण्यासाठी बनवलेला नसतो.

माझ्याकडे फक्त फोन आहे, सुरुवात कुठून करू?
फोनवर टर्मक्स हे ॲप घ्या आणि लिनक्सच्या कमांड शिका. 'एलएससीपीयू' चालवून स्वतःच्या फोनचे कोअर बघा, सगळे सारखे नसतात हे तिथेच दिसेल. पुढे याच ॲपमधून एसएसएच वापरून लांबच्या सर्व्हरवर लॉगिन करता येतं.

शेवटी लक्षात ठेवायची गोष्ट एकच. दुकानात जाण्याआधी तुमचं खरं काम, छोटं करून का होईना, एखाद्या भाड्याच्या सर्व्हरवर चालवून बघा. ते कोअरपाशी अडतंय, मेमरीपाशी की डिस्कपाशी, हे एका दुपारी कळतं. जिथे अडतंय तिथेच पैसा घाला.